अंगणातली भेग

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. मूळची साडेतीन हात लांब, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार आणि मधोमध माणसांच्या घामानं गुळगुळीत झालेली. उभ्या जन्मात मला दोनच शब्द बोलता आले. घट्ट कातळावर आपटलं की मी 'ठण्ण' म्हणते. आतून सुटलेल्या दगडावर आपटलं की 'बद्द' म्हणते. एवढीच माझी बाराखडी. पण त्या दोन शब्दांत मी कधी खोटं बोलले नाही. तरीसुद्धा जेव्हा खरी वेळ आली तेव्हा माझं म्हणणं कुणी धडपणे पोहोचूच दिलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. तुम्हांला सांगितला तर थोडा उतरेल असं वाटतं.

लोणावळ्याजवळ धरणाचं मोठं काम चाललं होतं, तेव्हाचा माझा जन्म. लोखंड बोटीतून आलेलं, पण मला माझा आकार दिला तो भिमाजी लोहारानं. त्यानं मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं, पाणी पाजलं आणि शेवटी ऐरणीवर हलकेच वाजवून पाहिलं. "ही बोलकी निघाली बरं का," तो भाता ओढणाऱ्या बायकोला म्हणाला. ती म्हणाली, "मंग पाठवा लांब. घरात मी एक बास हाय." मित्रांनो, माझं पहिलं कौतुक हे असं झालं.

काही वर्षं मी सुरुंगासाठी खडकाला भोकं पाडली. नंतर जर्मनची लढाई सुरू झाली त्या सुमारास मी घाटात, रेल्वेच्या गँगमध्ये आले. तिथं मला कोंडू भेटला. कोंडू वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर एक नऊ घरांची वाडी होती तिथला. अंगानं काटकुळा, पण कड्यावर पालीसारखा चिकटून चालणारा. उन्हाळा सरत आला की गँगची माणसं त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला कड्यावरून खाली सोडत. तो एकेका दगडाला माझ्या टोकानं ठोकायचा आणि डोकं वाकडं करून ऐकायचा. मी 'ठण्ण' म्हटलं की पुढं सरकायचा. मी 'बद्द' म्हटलं की वर बघून ओरडायचा, "ह्यो सुटलाय!" मग तो दगड पाऊस लागायच्या आधीच उचकटून खाली ढकलला जाई, म्हणजे पुढं तो गाडीवर पडायला नको.

लोकांना वाटतं, डोंगर खचायचा तो आषाढाच्या मुसळधार पावसात. तसं नेहमी नसतं. खरी भीती असते ती सुरुवातीच्या पंधरा दिवसांची. उन्हाळ्यात जमीन तडकलेली असते. मृगाचं पाणी वरून वाहून जात नाही, सरळ भेगांतून आत उतरतं. खाली गुळगुळीत काळा कातळ. वरची माती भिजून जड होते आणि त्या कातळावर ताटातल्या आमटीत ठेवलेल्या भाताच्या मुदीसारखी बसलेली असते. ताट जरा कललं की मूद निघाली. वरून मात्र सगळं छान दिसतं. कोवळं गवत आलेलं असतं, माणसं खूश असतात. हे कोंडूला कळत होतं, कारण त्याला मी सांगत होते आणि तो ऐकत होता.

घाटात आमचं नाव झालं. हौशीराम मुकादम सकाळी पहिलं विचारायचा ते माझ्याविषयी. "काय कोंडू, काय म्हणतीया तुझी दुसरी?" कोंडू लाजायचा. मग हे 'दुसरी' प्रकरण वाडीपर्यंत गेलं. कोंडूची बायको सावित्राबाई मला सवतच म्हणू लागली. सुट्टीला तो मला घरी घेऊन आला की ती म्हणायची, "आली का बया? तिला आधी पाटावर बसवा, मला मागनं भाकर द्या." पण पावसाळ्यात माझ्या अंगावर गंज चढू नये म्हणून करडईचं तेल चोळायची तीच.

आमचा संसार असा पंधरा-सोळा वर्षं चालला. वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, पण दगड तेच राहिले आणि आम्हीही तेच. मग कोंडूचे कान गेले. मोठ्या दगडांना रोज सुरुंग लावायचे आणि त्यांच्याजवळ उभं राहायचं म्हणजे दुसरं काय होणार! आधी उजवा गेला, तो त्यानं लपवला. मग डावा. एक दिवस मी स्पष्ट 'बद्द' म्हटलं आणि तो पुढं सरकला. तो दगड त्याच दुपारी पडला. सुदैवानं रुळांवर कुणी नव्हतं. हौशीराम मुकादमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोर सोडवला. त्याला घरी पाठवलं. मीही झिजून आखूड झाले होते म्हणून कंडम ठरले होते. तेव्हा हौशीराम म्हणाला, "हिला पण ने. हितं दुसऱ्या कुणाला हिची भाषा येत न्हाई."

अशी मी वाडीला राहायला आले. कामं मिळाली ती कंद खणायची, कुंपणाला भोकं पाडायची, आणि वारा सुटला की दाराला टेकू देऊन उभं राहायची. घाटात दरडी अडवणारी मी, आता कोंबड्या अडवत होते. तेही सोसलं असतं. पण पुढं जे झालं ते सोसवेना.

आता सावित्राबाईची एक अडचण तुम्हांला कळली पाहिजे. नवरा ठार बहिरा. त्याच्याशी बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. म्हणजे घरातलं गुपित नवऱ्याला सांगायचं, तर ते आधी बाकीच्या आठही घरांना कळायचं आणि मग नवऱ्याला. मीठ संपलं तरी वाडीला कळे. त्यामुळं ती बोलणंच कमी करत गेली. कोंडू हसून मान डोलवायचा, ती हसून मान डोलवायची, आणि मधल्या सगळ्या गोष्टी तशाच राहून जायच्या.

त्या वर्षी वैशाखात त्यांची लेक कमळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नववा लागला होता. पाय सुजलेले, चालताना दम लागायचा. सावित्राबाईनं सगळं घर लख्ख केलं, आणि मागचं अंगण सारवताना तिला भेग दिसली. बोटभर रुंद, डोंगराच्या बाजूला, घराला समांतर. उन्हानं जमीन तडकली असेल असं म्हणून तिनं शेण-माती कालवली आणि ती भेग लिंपून टाकली. वरून हात असा फिरवला की शोधूनही सापडू नये.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडली. पुन्हा लिंपली. मृग लागला, चार दिवस पाऊस झाला, आणि एका पाटीत भरणारी भेग दोन पाट्या मागू लागली. मी दाराशी उभी राहून हे रोज बघत होते. मला वाटायचं, अगं, जमीन उन्हानं तडकली असती तर पावसानं मिटली नसती का? ही तर पाऊस पडला की वाढते आहे! पण मी काय करणार? मला कुणीतरी उचलून आपटल्याशिवाय तोंडच नाही.

शेजारच्या धोंडाबाईनं कुडावरून डोकावून टोमणा मारला, "सावित्रे, किती सारवतीस गं? कुणाचं लगीन काढलंस का काय?"

"बारसं हाय न्हवं," सावित्राबाई म्हणाली आणि पदरानं हात पुसून घाईघाईनं आत गेली. अंगणाला भेग म्हणजे घरच्या बाईचा हात आळशी, अशी त्या बायकांची समजूत. शिवाय लेक बाळंतपणाला आलेली. अशा वेळी भुई तडकली, असं मोठ्यानं बोलायचं कसं? आणि हळू बोललेलं नवऱ्याला कळायचं नाही.

कोंडूला मात्र चैन पडेना. पावसाच्या सुरुवातीला दगड वाजवून बघायची सवय हाडात भिनलेली. एका सकाळी त्यानं मला उचललं आणि बायकोलाही बरोबर घेतलं. घरामागं चार पावलांवर एक मोठा कातळ वर डोकावत होता. त्यावर त्यानं मला आपटलं.

'बद्द.'

मित्रांनो, मी इतकं स्वच्छ कधी बोलले नव्हते. कोंडूनं सावित्राबाईकडं बघितलं. "काय म्हनतीया गं?"

सावित्राबाईला माझी भाषा येत नव्हती असं नाही. पंधरा वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकत होती. तिनं एकदा घराकडं बघितलं. दारात कमळा भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून बसली होती. तिला या पावसात कुठं न्यायचं? खाली गावात कुणाच्या दारात ठेवायचं? सावित्राबाई ओरडून म्हणाली, "चांगली म्हनतीया! खणखणीत!"

कोंडूनं आपल्या हाताच्या तळव्याकडं पाहिलं. तळव्याला काहीतरी वेगळं लागलं होतं, हे मला त्याच्या मुठीवरून कळलं. पण त्यानं तळव्यापेक्षा बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवला. चांगला नवरा होता, त्याला काय म्हणणार! मी मात्र दिवसभर दाराशी धुमसत उभी होते. खोटं ती बोलली होती, आणि ते माझ्या नावावर.

आणखी दोन दिवस गेले. कमळाला न्हाण्यासाठी मागं कुडाचा आडोसा करायचा ठरलं. कोंडूनं चार मेढी तोडून आणल्या आणि खड्डे पाडायला मला घेतलं. त्यानं जागा निवडली ती नेमकी लिंपलेल्या पट्ट्यावर, कारण तिथली जमीन सगळ्यांत गुळगुळीत दिसत होती. सावित्राबाई चुलीपुढं होती. तिनं पाहिलं तोपर्यंत त्यानं मला दोन्ही हातांनी वर उचललं होतं.

मी खाली आले आणि आत गेले. थांबलेच नाही. कमरेपर्यंत आत गेले आणि तरी माझ्या टोकाला तळ लागला नाही. आतून थंड हवा वर आली.

यासाठी कान लागत नाहीत, मित्रांनो. कोंडू तसाच वाकून राहिला. मग त्यानं मला हळूहळू बाहेर ओढलं. माझ्या अंगाला शेण-मातीचे थर चिकटले होते, वाळलेले, अर्धे ओले आणि अगदी आजचे. तो चुलीकडं वळला.

"किती पाट्या घातल्यास?"

सावित्राबाईनं बोटं दाखवली. मग दहा बोटं कमी पडली म्हणून तोंडानं सांगितलं. "चवदा."

ते वाडीभर ऐकू गेलं.

धोंडाबाई कुडापलीकडं हसली. "अगं बया, चवदा पाट्या! भुईला का जेवाया घालत व्हतीस?" कोंडूला ते ऐकू आलं नाही. पण त्यानं डोंगराच्या कडेनं नजर टाकली, भेगेची दिशा धरली, आणि मला घेऊन थेट धोंडाबाईच्या मागच्या अंगणात शिरला.

"ए भैऱ्या! आजच सारवलंय मी! खबरदार!"

त्यानं मला खाली मारलं. मी मांडीपर्यंत आत गेले.

धोंडाबाईचं हसू गेलं. तिनं पदर तोंडाला लावला. तिनं स्वतः अकरा पाट्या घातल्या होत्या.

तिथून पुढं तो घरामागून घर चालत गेला. प्रत्येक अंगण सारवलेलं, गुळगुळीत. प्रत्येक ठिकाणी मी आत. एकच भेग होती ती, नऊ अंगणांतून सरळ गेलेली. आणि नऊ बायकांनी, दुसरीला कळू नये म्हणून, आपापला तुकडा लिंपला होता. त्या रोज एकमेकींना कुडावरून टोमणे मारत होत्या आणि रोज त्याच एका भेगेत माती भरत होत्या. कुणी एकीनं जरी 'माझं अंगण फाटतंय गं' असं म्हटलं असतं, तर बाकीच्या आठ जणींनी 'माझं पण' म्हटलं असतं. मला इतका संताप आला की माझं पोलाद पुन्हा लाल होईल असं वाटलं.

वाडीतले वयस्कर गेणूबाबा काठी टेकत आले. "कोंडू, डोंगर अंगावर येनार म्हनतोस व्हय?"

कोंडूनं ओठांवरून ओळखलं. "डोंगर न्हाई येनार, आबा. डोंगर हाय तितंच ऱ्हाईल. आपली वाडीच त्याच्यापासनं सुटलीया. समदी घरं घिऊन खाली जाईल."

तासाभरात वाडी मोकळी झाली. कमळाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चौघांनी उचललं. गायी, कोंबड्या, जातं, बियाणं, सगळं निघालं. मला मात्र तिथंच विसरले. शेवटच्या अंगणात भेगेत उभी खुपसलेली होते तशीच राहिले. इतकी वर्षं खरं बोलल्याचं हे बक्षीस!

पुढचं मी पाहिलं नाही, मागाहून ऐकलं. खाली वडिवळ्यात वाडीची माणसं देवळात उतरली. पण देवळात बाळंतीण चालायची नाही. तेव्हा सरुबाई नावाच्या एका शेतकऱ्याच्या सुनेनं आपला गोठा मोकळा करून दिला. म्हशी पावसात बाहेर बांधल्या आणि सासऱ्यांना सांगितलं, "मामंजी, म्हशीला काय, ती भिजली तरी म्हसच ऱ्हाती." तिसऱ्या दिवशी त्या गोठ्यात कमळाला मुलगी झाली.

आणि वाडी? वाडी जागची हलली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही. तिसऱ्या दिवशी तर ऊन पडलं. वर राबात भाताची रोपं उगवून आली होती, पाखरं टिपून नेत होती, राखायला माणूस नव्हता. लोकांची कुजबुज सुरू झाली. सोपान नावाचा एक तरणा गडी होता, तो म्हणाला, "भैऱ्याच्या नादाला लागून आपन शिमग्याची सोंगं झालो. गाव हसतंय." चौथ्या दिवशी गेणूबाबांनीही मान हलवली. "कोंडू, उद्या सकाळी आमी वर चाललो बाबा. रोपं गेली तर वरीसभर खायाचं काय?"

कोंडू त्या दुपारी एकटाच वर आला. मी त्याला पाहिलं तेव्हा मला किती बरं वाटलं! मला घेऊन जाईल असं वाटलं होतं. त्यानं मला हात लावला नाही. मी ताठ उभी होते ती आता कलले होते, आणि बोटभर भेग वीतभर झाली होती. त्यानं वीत टाकून मोजली आणि तसाच उलटा पळत गेला.

खाली जाऊन त्यानं हाताची वीत दाखवली. सोपान म्हणाला, "तू मोजलीस, तूच सांगतुयास. तुझ्या बायकूनं तर कातळ खणखणीत हाय म्हनलंवतं. आमी ऐकलं न्हाई व्हय?"

तेव्हा सावित्राबाई गोठ्याच्या दारातून बाहेर आली. खांद्यावर नातीची दुपटी वाळत घालायला घेतलेली. ती देवळासमोर उभी राहिली आणि नवऱ्याशी बोलायची तिची जी रीत होती त्याच आवाजात बोलली. सगळं वडिवळे थबकलं.

"मी खोटं बोलले! कातळ बद्द वाजला व्हता. मला कळलं व्हतं. लेकीला कुटं न्यायची म्हनून मी खोटं बोलले. आता ज्याला वर जायाचं त्यानं जावं, पर माझं खोटं आयकून जाऊ नगा!"

मग धोंडाबाई म्हणाली, "माझ्या अकरा पाट्या." तिच्या मागून एकीनं नऊ सांगितल्या, एकीनं सोळा. बायका आपापल्या पाट्या सांगत गेल्या आणि पुरुष माना खाली घालून ऐकत राहिले. सोपानची बायको शेवटी बोलली. "वीस." सोपान पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीही वर गेलं नाही.

त्याच सकाळी, दिवस कासराभर वर आल्यावर, वाडी गेली. मोठा आवाज झाला नाही. आधी चिमण्या उडाल्या. मग भेग सुपाएवढी रुंद झाली, आणि नऊ घरं, कुडं, आंब्याचं झाड, सारवलेली अंगणं, सगळं उभंच्या उभं खाली सरकू लागलं. थोडं अंतर गेल्यावर छपरं वाकली. मी अलीकडच्या, घट्ट बाजूच्या कडेला टेकून राहिले म्हणून वाचले, आणि पुढं कोंडूनं येऊन मला उपटून नेलं. सावित्राबाईची चूल शेवटपर्यंत सरळ होती, एवढं मला आठवतं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल की मग झालं की सगळं नीट. माणसं वाचली. हो, वाचली. पण माझा राग तिथंच तर सुरू होतो. एकही माणूस गेला नाही, म्हणून लोक ती गोष्ट विसरले. दोन-चार वर्षांत 'तेव्हा काय बाई, कुणालाच काही झालं नाही' असं म्हणू लागले. अरे, काही झालं नाही ते का झालं नाही? मी ज्या दिवशी बरोबर असते त्या दिवशी कुणाला काहीच होत नाही. म्हणून माझी आठवण ठेवण्याजोगं कुणाकडं काही उरत नाही.

आज वाडी डोंगराच्या शेजारच्या सोंडेवर वसली आहे. सुरुवातीची काही वर्षं बायकांनी एक नेम पाळला. मृगापासून पंधरा दिवस मागचं अंगण सारवायचं नाही, जसं असेल तसं उघडं ठेवायचं. सकाळी उठून आधी ते बघायचं आणि कुडावरून एकमेकींना सांगायचं. खालच्या गावच्या विहिणी यायच्या, नाकं मुरडायच्या, 'काय गं ही गबाळी अंगणं!' तरी वाडीच्या बायका हसून सोडून द्यायच्या. मग कोंडू गेला. पाठोपाठ सावित्राबाई थकली, तिचा तो मोठा आवाज बसला. नव्या सुना आल्या. त्यांना अंगण उघडं ठेवायची लाज वाटते. मला विचाराल तर मी धोंडाबाईच्या गोठ्यामागं उभी आहे, माझ्यावर गोवऱ्यांचं पोतं टेकवलेलं असतं. तेल शेवटचं कधी लागलं आठवत नाही.

तुम्हांला एवढंच सांगणं आहे. लोखंड वाजवून बघा, जमीन न्याहाळून बघा, आणि जे वाईट ऐकू येईल ते शेजाऱ्याला मोठ्यानं सांगा. आपल्या घराची भेग झाकून ठेवायला फार सुबक हात लागतो, पण तो हात सगळ्या वाडीला खड्ड्यात घालतो.

मृग लागून चार दिवस झाले आहेत. आज सकाळी धोंडाबाईची धाकटी सून मागच्या अंगणात वाकून काहीतरी बघत बसली होती. मग तिनं इकडं-तिकडं पाहिलं, पदर खोचला आणि शेण कालवायला घेतलं.

मला ओरडता येत नाही. तुम्हांला येतं.